गावाला गेलेल्यांचा अंदाज

आमचे सर वर्गात आले की हजेरी घ्यायचे, पण गैरहजरांची. समोर बसलेल्यांकडे एकदा चष्म्यावरून बघायचे आणि जे आलेले नाहीत त्यांचीच नावं घ्यायचे. "पाटील आलेली नाही. का आली नसेल?"

आम्ही म्हणायचो, "माहीत नाही, सर."

"माहीत नाही हे मलाही माहीत आहे. अंदाज सांगा."

मग कुणीतरी भीत भीत म्हणायचं, बस चुकली असेल. "बस कुणाची चुकते? लांब राहणाऱ्याची. पाटील राहते कुठे?" कोसाडला, सर, दोन बस बदलाव्या लागतात. "म्हणजे आज जे हजर आहेत ते सगळे जवळचे. आता घरून यायला किती वेळ लागतो असं मी तुम्हाला विचारलं आणि तुमची सरासरी छापली, तर ती खरी की खोटी?" खोटी, आम्ही एका सुरात. "खोटी नाही. जे समोर बसलेत त्यांच्यापुरती ती अगदी खरी आहे. सगळ्यात वाईट खोटं असंच असतं, पोरांनो." एवढं झालं की ते खडू उचलायचे. तोवर निम्मा तास उडालेला असायचा आणि अभ्यासक्रम दरवर्षी अर्धाच व्हायचा.

सर अर्थमितीचे. अर्थशास्त्राचे आकडे घेऊन त्यातून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजात चूक किती हेही सांगायचं, असं ते शास्त्र. सुरतेसारख्या गावात हा धंदा करणारा माणूस म्हणजे आधीच वेडा. इथे दर पक्का, माल पक्का, सौदा पक्का. सरांना 'पक्कं' हा शब्दच चालत नसे, आणि 'नक्की' तर मुळीच नाही. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा मी म्हणाले, "सर, नक्की यायचं." ते म्हणाले, "येण्याची शक्यता बरीच आहे." आले, पोटभर जेवले, आणि निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सुखी राहाल असा अंदाज आहे." सासरच्यांनी ते वर्षभर मला ऐकवलं.

भाजीबाजारातही तेच. पाटीतली वांगी उलटीपालटी करत भाजीवालीला विचारायचे, "चांगली दिसतात. पण जी इथवर आलीच नाहीत ती कशी होती?" ती बिचारी म्हणायची, "काका, लेना है तो लो." कुणी काहीही ठासून सांगितलं की सरांचा एकच प्रश्न: "गृहीतक सांग." म्हणजे तू जे बोलतोस ते काय धरून चालून बोलतोस, ते आधी सांग. रिक्षावाल्याला सांगायचे, ते शिकवत त्या संस्थेच्या संचालकांना सांगायचे, एकदा सत्यनारायणाच्या पोथीच्या मध्येच गुरुजींना सांगितलं. लोक त्यांना टाळायचे ते उगाच नाही.

मी त्यांच्याकडे आले ती पाहणीच्या कामासाठी. एम.ए. करत होते, उधन्यात राहत होते, घरी अहिराणी बोलत होते, एवढीच माझी लायकी. उधन्यातल्या आणि पांडेसऱ्यातल्या खोल्यांतून हिंडायचं, लूमवर आणि डाईंगच्या मिलमध्ये काम करणाऱ्यांची तब्येत विचारायची, आणि वर्षभराने त्याच दारांवर पुन्हा जायचं. दुसऱ्या फेरीला कितीतरी दारांवर एकच उत्तर मिळायचं. गावाला गेला. बाई कपडे वाळत घालता घालता म्हणायची, शेजारी म्हणायचे, गुजराती घरमालक म्हणायचा, "ए तो गामडे गयो." आधी पाहणी चालवणाऱ्या साहेबांकडे अशा नावांवर काट मारून पुढे जायची पद्धत होती. सरांनी दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच दिवशी मला विचारलं, "गावाला गेला म्हणजे काय झालं?"

मी म्हणाले, "मेला असेल, नाहीतर मरायला गेला असेल."

माझे वडील असेच गेले होते. बरीच वर्षं पांडेसऱ्यात रंगाच्या वाफेत उभे राहिले, मग खोकला सुरू झाला, मग रक्त पडलं, आणि एका सकाळी आईने त्यांना गाडीत बसवून गावी नेलं. तिथेच गेले. सुरतेत आमच्याकडचं माणूस मरत नाही. सुरत कमवायची जागा आहे, मरायला आपलं घर असतं, हे इथल्या खान्देशी पोराला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे कुठल्याही पाहणीत सुरतेचा कामगार ठणठणीत निघायचा. आजारी पडला की तो सुरतेचा राहायचाच नाही. मी हे सगळं सांगितल्यावर सरांनी पाहणीची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "तुझे वडील माझ्या कामात आहेत. त्यांना काट मारायची नाही." माझ्या वडिलांबद्दल घराबाहेरच्या कुणी म्हटलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. मी तिथेच रडले, आणि सरांनी घाबरून मला खडूचा डबा आणायला पाठवलं.

त्यांचं आयुष्यभराचं काम म्हणजे ही गावाला गेलेली माणसं. ती समोर नाहीत, मग त्यांच्या आजाराचा अंदाज कसा करायचा? सरांची रीत मला समजली ती अशी. दोन माणसं घ्या, दोघं एकाच मिलमध्ये, एकाच वयाची. एकाचं गाव रेल्वेच्या स्टेशनला लागून, दुसऱ्याचं आडवळणाला, गाडीतून उतरल्यावर पुढे दोन एसट्या आणि पायपीट. दोघांना सारखाच आजार झाला तर पहिला लगेच घर गाठतो आणि दिसेनासा होतो. दुसरा आज जाऊ उद्या जाऊ करत सुरतेतच खोकत पडतो, म्हणून आपल्याला सापडतो. तेव्हा दुसऱ्यावरून पहिल्याचा अंदाज बांधायचा. बाकी सगळं गणित. त्या गणिताने फळेच्या फळे भरायचे, पण मूळ एवढंच: स्टेशनपासून गावाचं अंतर.

ही कल्पना त्यांना सुचली बायकोवरून. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशीचं माहेर तापीकाठचं, आणि घर अगदी स्टेशनाच्या मागे, इतकं की गाडी आली की ताकाची लोटी हलायची. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा जरा अंग कणकणलं की ती पिशवी घेऊन माहेरी. सरांचं स्वतःचं गाव दूर डोंगरात. त्यांना टायफॉइड झाला तरी ते उधन्याच्या खोलीतच पडून राहिले. बरे होता होता पलंगावर त्यांच्या डोक्यात हे आलं. मावशी ही गोष्ट पदर तोंडाला लावून सांगायची. "माले ताप उना, मी घर गऊ, आन आमना मास्तर प्रोफेसर व्हयना!" सर मान खाली घालून हसायचे. ते हसायचे असे प्रसंग मला बोटावर मोजता येतील.

मावशी होती म्हणून त्या घरात जाववत होतं. मी गेले की "ये व पोरी, बस" म्हणून आधी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे यायचा, मग सरांचे कागद. ती चौथीपर्यंत शिकलेली, आणि सरांच्या कामाविषयी तिचं मत स्पष्ट होतं. "जे गयात त्या गयात. त्यास्ना हिशोब करीसन काय करतस?" सर म्हणायचे, "गेलेल्यांचा हिशोब लागला तर राहिलेल्यांना दवाखाना मिळेल." त्यांची तशी खरोखरच श्रद्धा होती. हे आकडे कुणीतरी वाचेल, दचकेल, आणि डाईंगच्या मिलवाल्यांना पंखे लावायला सांगेल, दर महिन्याला छाती तपासायला लावेल.

दचकलं कुणी नाही. लेख परदेशातल्या नियतकालिकांना गेले आणि परत आले. प्रश्न फार स्थानिक आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, रीत चांगली आहे, पण एवढ्यासाठी वापरण्यासारखी नाही. दिल्लीच्या परिषदेत त्यांना शेवटच्या दिवशी जेवणाआधी उभं केलं, तेव्हा समोरचे लोक ताटांच्या आवाजाकडे कान लावून होते. इथल्या एका अधिकाऱ्याकडे सरांबरोबर मीही गेले होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूचा मावा तोंडात धरून मान डोलावली आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहब, जो चले गए उनके लिए दवाखाना मैं कहाँ बनाऊँ?" जिने उतरताना सर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे त्याचा." मला त्या अधिकाऱ्याचा राग आला होता. सरांचा त्याहून जास्त आला.

मग नवी पोरं आली. त्यांच्या संगणकात आकडे ओतले की अंदाज बाहेर पडायचा, काय धरून चाललोय हे विचारायची गरज नाही. सर त्यांच्या पाठीमागे उभे राहून विचारायचे, "गृहीतक सांग." पोरं म्हणायची, "सर, डेटा बोलतो." सर म्हणायचे, "जो आला तोच बोलतो." पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मीही तोवर एका विमा कंपनीत लागले होते. कोण कधी आजारी पडेल याचे अंदाज तिथे मी सरांच्याच रीतीने करते आणि कंपनी त्यांवरून कुणाला विमा नाकारायचा ते ठरवते. हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "चला, कुठेतरी उपयोग झाला." टोमणा नव्हता तो, म्हणूनच लागला.

मावशीच्या पोटात गाठ निघाली ती सरांच्या निवृत्तीच्या वर्षी. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि मग डॉक्टरांनी सरांना बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे आवडेल ते करा. मी तिथेच होते. मावशीला काय आवडेल हे विचारायची गरज नव्हती. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यापासून ती एकच सांगत होती. "माले घर जावानं शे. आठे मरानं नही माले."

तिचा भाऊ माहेराहून दोनदा येऊन गेला. खोली रंगवून ठेवली आहे, खाट खिडकीशी टाकली आहे, म्हणाला. गाडी थेट जाते, उतरलं की घर, पाच मिनिटं खुर्चीवर बसवून नेऊ. सगळं अनुकूल होतं. सर म्हणायचे, "बघू. जरा ताकद येऊ दे."

ताकद येणार नव्हती. मी एके दिवशी दुपारी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. ते गॅससमोर उभे राहून भाताची पेज ढवळत होते. म्हटलं, सर, मावशीला कधी नेताय?

"नेणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"तिथे गेलेलं कुणी परत आलेलं नाही. माझ्या सगळ्या कामात एकही नाही."

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "सर, माणसं जाऊन मरत नाहीत. मरायला टेकलेली असतात म्हणून जातात. उलटं वाचायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ह्या एका गोष्टीवर तुमचं आयुष्य गेलं."

"मला माहीत आहे."

"मग गृहीतक सांगा."

हा प्रश्न त्यांना उलटून कुणी विचारला नव्हता. चमचा हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. पेज उतू गेली, गॅस विझला, तरी बघतच राहिले. मग म्हणाले, "तू घरी जा आता." इतक्या वर्षांत त्यांनी मला घराबाहेर काढलं ते तेवढं एकदा.

त्या माणसाला सगळं कळत होतं आणि काही कळत नव्हतं. आकड्यांपुढे न घाबरणारा माणूस ती गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या खोलीला घाबरला होता. ती इथे आहे तोवर ती आहे. गाडीत बसवली की 'गावाला गेली', आणि त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. मला त्यांची कीव येत होती आणि त्यांना हलवून जागं करावंसं वाटत होतं. जिला जायचं होतं तिच्याबद्दल त्या घरात कुणीच विचार करत नव्हतं, असंही मी त्या काळात माझ्या नवऱ्याला म्हणाले होते. आजही तेच म्हणेन.

दोन दिवसांनी पुन्हा गेले तर मावशी उशाला टेकून बसलेली आणि चेहरा उजळलेला. दाराच्या मागे खुंटीला तिची माहेरची पिशवी टांगलेली, भरलेली. शेजारच्या बाईकडून भरून घेतली होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "उद्या जाऊत आम्ही. सकाळनी गाडीवर."

"कोण म्हणालं, मावशी?"

"आमना मास्तर." मग माझा हात धरून म्हणाली, "पोरी, हाऊ माणूस जिंदगीमा कधी नक्की बोलना नही. माले मागणी घालाले उना तवय बी नही. आज बोलना. उद्या नक्की."

सर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान वळवली, आणि मला कळलं की तिकिटं काढलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशीही ते 'उद्या' म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. गुंगीच्या औषधाने मावशीचे दिवस एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे तिचा उद्या रोज नवा असायचा. ती विचारायची, गाडी कधी शे? सर म्हणायचे, उद्या, नक्की. ती म्हणायची, "बरं." आणि डोळे मिटायची. तिने एकदाही शंका घेतली नाही. आयुष्यभर ज्या माणसाने चहा कधी होईल हेसुद्धा नक्की सांगितलं नाही, त्याने 'नक्की' म्हटल्यावर कोण शंका घेईल?

ती त्याच खोलीत गेली. सकाळची वेळ होती. खाली मिलच्या पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन चालली होती. नंतर आवरताना मी ती पिशवी खाली घेतली. दोन लुगडी, चांदीचा कुंकवाचा करंडा, औषधं, आणि सगळ्यात वर सरांचा एक इस्त्री केलेला शर्ट. मी पिशवी परत खुंटीला लावली. दुसरं काय करणार?

राख सरांनी सुरतेतच तापीत सोडली. तिचा भाऊ आला होता. सर त्याला म्हणाले, "नदी तीच आहे. तुमच्या गावावरूनच येते." तो शेतकरी माणूस, भावजींपुढे कधी बोललेला नव्हता. पाण्याकडे बघत म्हणाला, "येस तठेथून, भावजी. जात नही ना तिकडे. आठे टाकशात ते समुद्रमा जाई. घर कसं येई?" आणि चपला हातात घेऊन तो घाट चढून गेला. सरांशी तो त्यानंतर बोललेला नाही.

काही महिन्यांनी सरांच्या निवृत्तीचं व्याख्यान झालं. असं व्याख्यान ठेवायची संस्थेत प्रथाच होती. माणूस आपल्या कामाचा आढावा घेतो, संचालक शाल घालतात, मग खमण आणि चहा. मी रजा काढून गेले. हॉल अर्धा भरला होता. सरांनी समोर नजर फिरवली, आणि मला वाटलं आता गैरहजरांची हजेरी घेतील. घेतली नाही. इंग्रजीत सुरुवात केली, आपली रीत नीट मांडली, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मग खडू ठेवला आणि हिंदीवर आले, आणि शेवटी मराठीवर, जी तिथे निम्म्यांना समजत नव्हती.

"ह्या रीतीत एक गृहीतक आहे," सर म्हणाले. "ज्याला जायचं आहे आणि ज्याचं गाव जवळ आहे तो जातो. जो राहिला तो अंतरामुळे राहिला. हे धरून मी सगळं काम केलं. ते चूक आहे. माझ्या माहितीत एक बाई होती. घर स्टेशनाच्या मागे. जायची इच्छा होती. डॉक्टर जा म्हणत होते. ती गेली नाही. सुरतेत वारली आणि सुरतेत मोजली गेली. ती अंतरामुळे राहिली नव्हती. तिला घरातल्या माणसाने अडवलं होतं. घरात अडवणारं माणूस असतं, हे मी कधी धरलंच नाही. आणि ते कुठल्या घरात असतं? जिथे आजार सगळ्यात मोठा असतो त्याच घरात. तेव्हा राहिलेल्यांवरून गेलेल्यांचा अंदाज करता येत नाही. माझे सगळे आकडे चुकीचे आहेत. किती चुकीचे, याचाही अंदाज मला देता येत नाही."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. एक तरुण प्राध्यापक, भला मुलगा, मदत करायला उठला. म्हणाला, "सर, उसको भी नाप सकते हैं. पुढच्या पाहणीत एक प्रश्न वाढवू."

"वाढव," सर म्हणाले. "घरोघर जा आणि विचार, तुम्ही कुणाला अडवलंत का. बघ कोण हो म्हणतं."

आणि ते खाली बसले. टाळ्या वाजल्या, कारण व्याख्यान संपलं की वाजवतात. संचालकांनी शाल घातली. बाहेर खमण खाताना एकजण म्हणाला, मोठं मन लागतं असं कबूल करायला. दुसरा म्हणाला, म्हातारपणी थोडं असं होतंच. त्या बाईचं घर कुठल्या स्टेशनामागे होतं हे मला ठाऊक होतं. मी खमणाची बशी तशीच ठेवून निघाले, कारण बोलायला गेले असते तर तिथेच भोकाड पसरलं असतं.

माझ्या वडिलांचं काय झालं, हे मला त्या दिवशी बसमध्ये सुचलं. सरांच्या सगळ्या कामात ते कुठेतरी होते, काट न मारलेले. आता ते सगळं काम पुसलं गेलं. म्हणजे ते पुन्हा गावाला गेले.

सर अजून उधन्यातच राहतात, त्याच फ्लॅटमध्ये. मी महिन्यातून एखादी चक्कर मारते, घरून डबा नेते. पूर्वी काही विचारलं की एक अंदाज यायचा, त्यात चूक किती तेही यायचं. आता काहीही विचारा, पाऊस पडेल का, दूध आलं का, पाय दुखतो का, एकच उत्तर: माहीत नाही. अंदाजसुद्धा सांगत नाहीत. भाजीवाली मलाच विचारते, "काका को क्या हो गया? अब बैंगन देखते भी नहीं, जो दूँ ले लेते हैं." पिशवी अजून दाराच्या मागे आहे. तिच्यावर धूळ नसते, म्हणजे ते रोज पुसत असणार.

मागच्या चकरेला मला राहवलं नाही. त्यांचा श्वास लागत होता, जिना चढून आले की बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "सर, एकदा मावशीच्या माहेरी जाऊन येऊ. मी बरोबर येते. तिची पिशवी तरी तिथे पोचवू. भावाशी मी बोलते, तो नाही म्हणायचा नाही."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कधी?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, "उद्या. सकाळच्या गाडीने. नक्की."

"बरं," सर म्हणाले.

घरी येऊन मी रजा टाकली, तिकिटं काढली, मावशीच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ली या त्यास्ले. खोली शे तशीच शे." सकाळी दशम्या बांधून मी रिक्षा केली आणि सरांचं दार वाजवलं. खाली रिक्षा थांबवूनच ठेवली होती.

दार उघडायला वेळ लागला. सर बनियनवर होते, दाढी वाढलेली, हातात दुधाची पिशवी. खुंटीवरची पिशवी जागच्या जागी होती. माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे आणि हातातल्या डब्याकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"सर, गाडीची वेळ झाली. कालच बोललो ना आपण."

"अगं, पण तू 'उद्या, नक्की' म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मी समजलो, जायचं नाही."

मी खाली जाऊन रिक्षावाल्याला पाठवून दिलं, वर आले, आणि दूध तापत ठेवलं.